अक्कांचं नाव कुठल्या कार्डावर?

दुकानाचं शटर वर केलं की पहिलं गिऱ्हाईक बहुतेक बाईच असते. हातात कापडी पिशवी, पिशवीत दुसरी प्लास्टिकची पिशवी, आणि तिच्यात रुमालात गुंडाळलेले कागद. रेशनकार्ड, आधार, बँकेचं पासबुक, नवऱ्याचं आधार, लेकरांचं आधार, कडा फाटलेला एखादा जुना दाखला. "समद्याच्या दोन-दोन काढ माय," असं म्हणून ती बाकड्यावर टेकते. तेलगाव नाक्यावर माझं झेरॉक्सचं दुकान आहे. इथून एक रस्ता माजलगावला जातो, एक धारूरला, एक वडवणीवरून बीडला आणि एक सिरसाळ्यावरून परळीला. आजूबाजूच्या वाड्या-तांड्यांवरच्या बायका गाडी बदलायला इथे उतरतात आणि गाडी येईपर्यंत कागद काढून घेतात. चौदा वर्षं मी हेच पाहते आहे. कुणाच्या घरात काय चाललंय ते मला ती बाई बोलायच्या आधी तिच्या कागदांवरून कळतं.

म्हणूनच जे झालं त्याची मला जास्त लाज वाटते. गावभरच्या बायकांचे कागद माझ्या मशीनच्या काचेवर पालथे पडले, पण माझ्याच घरातल्या बाईचे कागद मी कधी नीट पाहिले नव्हते.

अक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही. एक तर त्यांना ते आवडायचं नाही, आणि दुसरं म्हणजे पुढचा सगळा घोळ त्या नावाचाच आहे. मोठे दीर आणि अक्का दरवर्षी दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. आमच्या तेलगावात साखर कारखाना आहे, तरी आमच्या भागातली माणसं ट्रॅक्टर भरून सांगली-कोल्हापूरकडे, पार कर्नाटकात जातात. ज्यांना हे ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. तिथे माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादम उचल देतो ती जोडीला देतो. त्यामुळे बाई आजारी पडली तर अर्धं काम थांबलं असं होत नाही, कोयताच मोडतो.

२०२४चा पोळा झाला आणि अक्का एक दिवस दुकानाच्या पायरीवर येऊन बसल्या. दोन पायऱ्या चढल्या तर धाप लागलेली. "काय न्हाई गं, दम लागतोय जरा. वय झालं." वय एक्केचाळीस! मी त्यांना त्याच आठवड्यात माजलगावला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी छातीला नळी लावली आणि बराच वेळ ऐकत राहिले. मग सोनोग्राफीसारखी हृदयाची तपासणी करायला सांगितली. हृदयाची एक झडप खराब झाली होती. लहानपणी सांधे सुजून ताप येतो, घरचे म्हणतात वाताचा ताप आहे, आणि तो ताप जाताना कधी कधी हृदयाची झडप खराब करून जातो, असं डॉक्टरांनी समजावलं. झडप बदलावी लागेल. खर्च काही लाखांत. मोठे दीर खुर्चीवरून उठून बाहेर जाऊन उभे राहिले. डॉक्टर मला म्हणाले, "घाबरू नका. आता योजना आहे. पाच लाखांपर्यंत पैसे लागत नाहीत. फक्त कार्ड काढून घ्या."

फक्त कार्ड काढून घ्या. मीही मान डोलावली. मला वाटलं, हे तर माझं रोजचं काम आहे.

ही योजना काही कालची नाही. २ जुलै २०१२ला राज्यात आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली आणि नोव्हेंबर २०१३ मध्ये ती सगळ्या महाराष्ट्रात आली. शेजारच्या आंध्रात २००७ पासून आरोग्यश्री योजना चालू होती, दवाखान्याच्या दारात मदतीला 'आरोग्यमित्र' बसवायची पद्धत तिथलीच. तेव्हा एका कुटुंबाला वर्षाला दीड लाखाचं संरक्षण होतं आणि बघायचे ते रेशनकार्डाचा रंग. पिवळं किंवा केशरी असलं की चालायचं. आमच्या बीडसह शेतकरी आत्महत्यांनी पोळलेल्या चौदा जिल्ह्यांत पुढे पांढरं कार्डवाले शेतकरीही सातबारा दाखवून आत येऊ लागले. २०१७ मध्ये योजनेला महात्मा जोतिराव फुले यांचं नाव मिळालं. २०१८च्या सप्टेंबरमध्ये केंद्राची आयुष्मान भारत योजना आली, पाच लाखांची. पण तिची यादी २०११च्या सामाजिक-आर्थिक पाहणीतून घेतलेली. त्या यादीत नाव असलं तर तुम्ही आत, नसलं तर बाहेर. एप्रिल २०२० पासून दोन्ही योजना एकत्र चालू लागल्या. २०२३ मध्ये राज्याने ठरवलं की रंग कुठलाही असो, रेशनकार्ड असलेल्या प्रत्येक कुटुंबाला पाच लाखांचं संरक्षण द्यायचं, आणि १ जुलै २०२४ पासून ते अमलात आलं. म्हणजे अक्का आजारी पडल्या त्याच्या दोन महिने आधी!

वेळ तर अगदी आमच्यासाठी जुळून आल्यासारखी होती. पण मैत्रिणींनो, रंगाची अट गेली आणि तिच्या जागी दुसरी अट येऊन बसली, ती आपल्याला दिसत नाही. आता कार्डाचा रंग कुणी विचारत नाही. संगणक विचारतो, रेशनकार्डाच्या ऑनलाइन नोंदीत हे नाव आहे का? आणि तिथलं नाव आधारवरच्या नावाशी जुळतं का?

अक्कांचं नाव तिथे नव्हतंच.

आधी माझा विश्वास बसेना. माझ्या हातात त्यांच्या घरचं रेशनकार्ड होतं, केशरी, त्यावर तलाठ्याच्या हातचं निळ्या शाईतलं नाव होतं. नवऱ्याच्या नावाखाली दुसऱ्या ओळीत. शिक्का होता. ऑनलाइन केंद्रावरच्या पोराने बारा अंकी नंबर टाकला आणि पडदा माझ्याकडे फिरवला. सासरे (ते जाऊन सहा वर्षं झाली), सासूबाई, मोठे दीर, दोन्ही लेकरं. अक्का नाहीत. "काकू, कागदावर काय आहे त्याला अर्थ नाही. सर्व्हरवर पाहिजे."

मग घरी बसून आठवत गेलो तेव्हा उलगडा झाला. रेशनकार्डं ऑनलाइन करायची म्हणून फॉर्म भरून घेतले, त्या हिवाळ्यात अक्का आणि दीर सांगलीकडे फडात होते. फॉर्म आमच्या मामांनी, म्हणजे सासऱ्यांनी भरला. सुनेचं आधार जवळ नव्हतं, "आल्यावर देऊ" म्हणाले, आणि ते राहिलं ते राहिलंच. इतकी वर्षं धान्य येत होतं. पाच किलो कमी येतंय हे कुणाच्या ध्यानात आलं नाही, कारण उसाच्या दिवसांत घरात माणसंच निम्मी असायची.

आता सोपं काय होतं? नाव जोडायचं. आधार नंबर टाकला तर संगणकाने सांगितलं, हा नंबर आधीच एका रेशनकार्डावर आहे. परभणी जिल्ह्यात. अक्कांच्या माहेरी!

लग्नाला बावीस वर्षं झालेली बाई सरकारदरबारी अजून माहेरीच नांदत होती. आणि तिथे त्यांचं नाव वेगळंच होतं. आमच्याकडे लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने नवं नाव लिहायची पद्धत आहे. अक्कांचं नाव तसंच बदललेलं. आधार सासरी आल्यावर काढलं, त्यावर सासरचं नाव, पुढे नवऱ्याचं नाव, मग आमचं आडनाव. माहेरच्या रेशनकार्डावर माहेरचं नाव, बापाचं नाव, माहेरचं आडनाव. तीनपैकी एकही शब्द जुळत नव्हता. फक्त आधारचा नंबर तोच, कारण भावाने कधीतरी आधारची झेरॉक्स नेली होती. कोण जाणे, माझ्याच दुकानातून काढून नेली असेल.

पुरुषाचं बघा. जन्मल्यापासून मरेपर्यंत एक नाव, एक आडनाव, एक घर. त्याची नोंद चुकली तर एखादी वेलांटी चुकते. बाईचं नाव बदलतं, मधलं नाव बदलतं, आडनाव बदलतं, गाव बदलतं, तालुका-जिल्हा बदलतो, कधी कधी वयही सोयीने बदललेलं असतं. तलाठ्याला हे सगळं तोंडपाठ असायचं. 'ही अमक्याची सून, तमक्या गावची लेक' एवढं बोललं की तो समजायचा. तो पन्नास-शंभर रुपये घ्यायचा हेही खरं, 'साहेब नाहीत, उद्या या' हेही खरं. मी त्या दिवसांची आरती ओवाळणार नाही. पण त्याच्यासमोर उभं राहून सांगता यायचं. सर्व्हरला काय सांगणार? तो अक्षरं लावून बघतो. जुळली तर जुळली.

बायकांच्या या दोन नावांचं सरकारलाही कळत नाही असं नाही. त्याच पावसाळ्यात लाडकी बहीण योजनेचे अर्ज भरायची झुंबड होती, माझं मशीन दिवसातून दोनदा तापून बंद पडायचं. त्या अर्जात लग्नाआधीचं नाव आणि लग्नानंतरचं नाव असे दोन रकाने होते. मला तेव्हाच वाटलं, ज्याने कुणी हा अर्ज बनवला त्याच्या घरात एखादी बाई बोलती असणार. मग दवाखान्याच्या कार्डाला तो रकाना का नाही?

दरम्यान आम्ही एक चूक केली, ती तुम्ही करू नका. घाई होती म्हणून दीर दुसऱ्या एका ऑनलाइन केंद्रावर गेले. तिथे दोनशे रुपये घेऊन एक कार्ड लगेच हातात दिलं, छान प्लास्टिकचं, फोटोवालं. दीर आनंदाने घेऊन आले. मी बघितलं तर ते 'आभा' कार्ड! आभा म्हणजे चौदा अंकी आरोग्य खातं. तुमच्या तपासण्या, औषधांच्या चिठ्ठ्या एका नंबराखाली संगणकावर ठेवण्यासाठी ते आहे. चांगलंच आहे, पण त्यावर एक रुपयाचाही उपचार फुकट मिळत नाही. पाच लाखांचं ते आयुष्मान कार्ड वेगळं. दोन्ही काढायला सरकारी शुल्क नाही. माझ्या दुकानात आजही दहातल्या दोन-तीन बायका आभा दाखवून म्हणतात, "आमचं निघालं की!" मला तेव्हा त्यांचं मन मोडावंसं वाटत नाही, पण मोडते.

मोठ्या शहरातल्या ज्या दवाखान्यात अक्कांना दाखवलं तिथल्या आरोग्यमित्र मुलीने मात्र खूप समजून घेतलं. ती म्हणाली, "काकू, तातडीचं असेल तर आधी दाखल करून नंतर कागद देण्याची सोय आहे. पण यांचं आज-उद्याचं नाही. डॉक्टर दोन महिने गोळ्यांवर थांबू शकतात म्हणतात. तेवढ्यात नाव लावून आणा." मग तिने एका कागदावर काय काय करायचं ते लिहून दिलं. माहेरच्या कार्डातून नाव कमी करायचं, तो दाखला घ्यायचा, सासरच्या कार्डात जोडायचं, मग आधारची ओळख पटवून आयुष्मान कार्ड. चार ओळींचा कागद. त्या चार ओळींना आम्हाला नऊ आठवडे लागले.

पहिली ओळ सगळ्यात अवघड निघाली, आणि ती कचेरीत नाही, माहेरच्या ओसरीवर.

मी आणि अक्का त्यांच्या माहेरी गेलो. भावाने चहा केला, बहिणीची विचारपूस केली, पण कागदाचं काढल्यावर गप्प झाला. वहिनीच बोलली. "वन्स, राग मानू नका, पण नाव काढलं तर पाच किलो जातेत म्हैन्याला." प्राधान्य कुटुंबाच्या कार्डावर माणशी महिन्याला पाच किलो धान्य मिळतं, आणि २०२३ पासून ते फुकट आहे. त्यांच्या घरात खाणारी सात तोंडं. अक्कांच्या नावाचे ते पाच किलो इतकी वर्षं त्यांच्या चुलीवर शिजत होते. मला राग आला, खोटं कशाला सांगू! बाईच्या काळजाचा प्रश्न आणि यांना गव्हा-तांदळाची पडलीय. पण अक्का चिडल्या नाहीत. पदर सावरत म्हणाल्या, "वैनी, त्याचं मी बघते. लेकरं उपाशी ऱ्हायची न्हाईत." भाऊ दुसऱ्या दिवशी सही करायला आला.

कचेरीतलं मी थोडक्यात सांगते, कारण ते तुम्हाला सगळ्यांना पाठ आहे. तीन फेऱ्या. एकदा सर्व्हर बंद. एकदा, लग्नाचा दाखला आणा. बावीस वर्षांपूर्वीच्या लग्नाची नोंद कुणी केली होती? मग आमच्या ग्रामसेवकांकडे जाऊन नोंदणी केली, लग्नपत्रिका अक्कांच्या पेटीच्या तळाशी सापडली, तिला उदबत्तीचा वास येत होता. तिसऱ्यांदा बाकीचं सगळं झालं, पण 'मंजुरी वरून येईल.' वरून म्हणजे कुठून? समोरच्या बाईंना मी विचारलं. त्या खरंच चांगल्या होत्या. म्हणाल्या, "ताई, आमच्या हातात आता काही राहिलं नाही. पूर्वी मी सही केली की झालं. आता मी फक्त पाठवते." मला त्यांचीच कीव आली.

नाव कमी झालं, जोडलं गेलं. आता शेवटची पायरी, अंगठा.

अक्कांनी यंत्रावर अंगठा ठेवला. लाल दिवा. पुसून ठेवला. लाल. दुसरी बोटं, दुसरा हात. केंद्रावरच्या पोराने ओला रुमाल दिला, मग व्हॅसलीन दिलं. काही उपयोग नाही. वीस वर्षं कोयत्याची मूठ धरून आणि उसाचं पाचट ओढून त्या बोटांवरच्या रेषाच गेल्या होत्या. अक्का आपल्या हाताकडे असं बघत राहिल्या की जणू तो दुसऱ्याचा आहे. "रेशन दुकानात बी हेच व्हतंय," त्या हळूच म्हणाल्या, "म्हून मी जातच न्हाई. पोरीला धाडते."

अंगठा नसेल तर डोळ्यांच्या बुबुळावरून, चेहऱ्यावरून किंवा मोबाइलवर येणाऱ्या ओटीपीवरून ओळख पटवता येते. हे आवर्जून लक्षात ठेवा, कारण सगळीकडे ते सांगतीलच असं नाही. पण त्या केंद्रावर बुबुळाचं यंत्र नव्हतं, चेहरा जुळायला नेट पुरत नव्हतं. राहिला ओटीपी. आधारला कुठला मोबाइल जोडलाय? शेवटचे अंक वाचून दाखवले तसा दिरांचा चेहरा उतरला. तो नंबर मुकादमाचा होता. आधार काढलं तेव्हा यांच्याकडे फोनच नव्हता, फडावर सगळ्यांनी मुकादमाचाच नंबर दिला होता.

मुकादम माणूस वाईट नाही. आमच्याच शिवारातला आहे. फोन केला तर लगेच म्हणाला, "देतो की, त्यात काय." आकडे वाचून दाखवले. आणि त्याच फोनवर विचारलं, "यंदाचं काय करायचं मग? उचल घेतलीय तुम्ही." खरं होतं. तपासण्या, शहरात राहणं, दोन्ही जिल्ह्यांच्या फेऱ्या यांत अठ्ठावीस हजार गेले होते. ते पैसे दिरांनी मुकादमाकडूनच उचलले होते. योजनेत ऑपरेशन बसतं, पण ऑपरेशनपर्यंत पोचायचा खर्च कुठल्याच योजनेत बसत नाही.

ऑपरेशन दिवाळीनंतर, निवडणुका झाल्यावर झालं. एक पैसा लागला नाही. हे मी मोठ्या अक्षरांत लिहायला तयार आहे. काही लाखांचं काम, झडप बदलली, औषधं दिली, घरी जायला भाडंही दिलं. अक्का आज दोन्ही पायऱ्या न थांबता चढतात. जे म्हणतात की या योजना कागदावरच असतात, त्यांना मी अक्कांच्या छातीवरची टाक्यांची रेघ दाखवीन. आणि कार्ड देशभर चालतं. उद्या कर्नाटकातल्या फडावर काही झालं तर तिथल्या यादीतल्या दवाखान्यातही त्याचा उपयोग होईल. तलाठ्याच्या निळ्या शाईने हे कधी झालं नसतं. सगळं एका ठिकाणी, एका संगणकात आणल्याचा हा फायदा आहे आणि तो मी नाकारत नाही.

पण त्या हिवाळ्यात कोयता कुणी धरला, तेही ऐका. माझी पुतणी. अकरावीत होती, धारूरला कॉलेजला जात होती. आई जाऊ शकत नाही, उचल तर फेडायची, आणि जोडीशिवाय कोयता होत नाही. बापाबरोबर ती गेली. जायच्या दिवशी पहाटे ट्रॅक्टरवर बसताना मला म्हणाली, "काकू, पुस्तकं घेतलीत मी." मी काय बोलणार? नऊ आठवड्यांऐवजी नऊ दिवसांत नाव लागलं असतं तर फेऱ्या वाचल्या असत्या, उचल निम्मीही घ्यावी लागली नसती, हा हिशेब मी रात्री अंथरुणावर कितीतरी वेळा केला. मार्चमध्ये ती परत आली. वर्ष बुडालं नाही, पण मराठीशिवाय सगळ्या विषयांत काठावर पास झाली. तिच्या उजव्या अंगठ्याला आडवी चिरी पडली होती. मी पहिली गोष्ट काय केली असेल, तर दुकानात आणून यंत्रावर तिचा अंगठा ठेवून बघितला. हिरवा दिवा लागला.

आणखी एक गोष्ट मनात राहून गेली. शहरातल्या डॉक्टरांनी अक्कांना आधीची ऑपरेशनं विचारली, तेव्हा कळलं की चौतिसाव्या वर्षी त्यांची गर्भपिशवी काढलेली आहे. मला तेव्हा बाहेर पाठवलं होतं, अक्कांनी घरी कधी सांगितलंच नव्हतं. २०१९ मध्ये आमच्या जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या या ऑपरेशनांवरून राज्यभर गदारोळ झाला होता. नीलम गोऱ्हे यांच्या समितीने पाहणी केली, त्यात बीडच्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढल्याचं पुढे आलं. अक्का त्यातल्या एक असतील, नसतीलही. त्यांच्याकडे कुठला कागद नाही. कुणी काढली, का काढली, काय निघालं, काही नाही. सावकाराचे पैसे फेडले तेवढं आठवतं. संगणकात नोंद नसणं म्हणजे काय, हे मला त्या दिवशी दुसऱ्यांदा कळलं. म्हणून आभा कार्डाला मी आता हसत नाही. ते वेगळं आहे एवढंच सांगते.

तेव्हापासून दुकानात एक नवी खोड लागली आहे मला. कुणी बाई रेशनकार्ड झेरॉक्सला देते, तेव्हा मी विचारते, "तुमचं नाव ऑनलाइन आहे का?" ती कार्ड उघडून दाखवते, "हे काय, हाय की." मी म्हणते, "हे नाही हो, ऑनलाइन." मग आम्ही दोघी मिळून बघतो. मागच्या महिन्यात एक नवी लग्न झालेली मुलगी सासूबरोबर आली होती, तिचं नाव अजून माहेरी. सासू म्हणाली, "आत्ताच कशाला काढायचं? नीट नांदली तर बघू." मी काय बोलावं! पण एक परित्यक्ता बाई आली होती, तिचं उलटं. नवऱ्याने टाकलं, ती माहेरी, पण नाव सासरच्या कार्डावर, आणि कार्ड नवऱ्याच्या ताब्यात. तिला आजारी पडायलाही नवऱ्याची परवानगी हवी. तिला मी तहसीलच्या पुरवठा शाखेत स्वतंत्र कार्डासाठी अर्ज करायला सांगितलं, अजून फेऱ्याच चालू आहेत. सत्तरीच्या पुढच्या म्हाताऱ्यांचं मात्र सोपं झालंय. २०२४च्या ऑक्टोबरपासून त्यांच्यासाठी वय वंदना कार्ड आलं, त्याला फक्त आधारवरचं वय लागतं. आमच्या आत्याबाईंचं, म्हणजे सासूबाईंचं, मी वीस मिनिटांत काढलं. त्या म्हणाल्या, "इतकी वर्सं जगले त्याचं बक्षीस दिलं व्हय सरकारनं?"

ज्यांना कुणाला विचारायला माणूस नाही, त्यांनी १४५५५ किंवा १५५३८८ या नंबरांवर फोन करावा, पैसे लागत नाहीत. आणि आधारला स्वतःचा, घरातला मोबाइल नंबर जोडून घ्यावा. मुकादमाचा नको, दुकानदाराचा नको, आणि फोनवर ओटीपी मागणाऱ्या अनोळखी माणसाला तर तो मुळीच सांगू नका.

आता ते पाच किलोंचं राहिलं. अक्कांनी भावजयीला शब्द दिला होता, 'त्याचं मी बघते' म्हणून. मला वाटलं, वेळ मारून न्यायला बोलल्या असतील. सुगी झाली तेव्हा एका सकाळी त्या दुकानासमोर येऊन उभ्या राहिल्या. हातगाड्यावर ज्वारीचं पोतं. सोनपेठकडे जाणाऱ्या टेम्पोत चढवायचं होतं. "म्हैन्याला पाच म्हंजे वर्साला साठ," त्यांनी बोटांवर हिशेब करून दाखवला. "हे साठाला थोडं वरचढंच हाय. तू एक चिठ्ठी लिहून दे, म्हंजे भावाच्या हातात पोचंल. वर नाव घाल."

मी पेन उचललं आणि विचारलं, "अक्का, कुठलं नाव घालू?"

त्या क्षणभर थांबल्या. मग म्हणाल्या, "माह्यारचं."